पट्टा ज्याच्या हातात

शनिवार, ८ फेब्रुवारी

ती. आईंना,

सा. न. वि. वि. नमस्कार एकाच हातानं केलाय असं समजा, कारण दुसऱ्या हातात तुमचा नातू, आमचा गोळा आहे. त्याला खाली ठेवलं की तो रांगत थेट ओट्याखालच्या कपाटाशी पोचतो आणि भांडी काढून बाहेर मांडतो. वर्षाचासुद्धा नाही अजून, पण घर आवरायची हौस दांडगी. तुमच्या चिरंजीवांकडून हा गुण नक्कीच आलेला नाही.

तुम्ही सांगितलेली युक्ती आम्ही अमलात आणली. तुम्ही नर्स होतात त्या लहान मुलांच्या वॉर्डात औषधांच्या कपाटाची किल्ली जिच्या कमरेला, वॉर्ड तिचा, बाकीच्यांनी खुशाल जेवायला जावं, असं तुम्ही लिहिलं होतंत ना? आमच्याकडे किल्लीऐवजी पट्टा आहे. सायकलवाले मनगटाला गुंडाळतात तसला, चकाकता पिवळा. पट्टा ज्याच्या हातात तो घरात, दुसरा मोकळा. रात्री झोपतानाच सकाळचा पहारेकरी पट्टा घालून झोपतो. म्हणजे पहाटे अंधारात कुजबुजत वाद घालायला नको. आधी रोज तेच चालायचं, आज कुणाची पाळी, काल कोण गेलं होतं, परवा पाऊस होता तो दिवस धरायचा की नाही. आता मी डोळे उघडते, मनगट चाचपते, रिकामं असलं की बूट घालून बाहेर. मुंगीला हा पट्टा फार आवडतो. पाच वर्षांच्या मुलीला पहारेकरी व्हायची एवढी हौस का असावी, कळत नाही.

एप्रिलमध्ये तळ्याभोवती शर्यत आहे. तीन फेऱ्या, एकवीस किलोमीटर. मी नाव देऊन टाकलं. देऊन आले आणि जिन्यात बसून राहिले, हे काय करून बसले म्हणून. मुंगीच्या आधी मी याच्या दुप्पट पळायचे, तेव्हा नाव देऊन जिन्यात बसावं लागलं नव्हतं. आता पाय माझेच आहेत, पण कुणी उसने नेऊन परत केल्यासारखे वाटतात. पळताना वाटतं घरी जावं, घरी आले की वाटतं पळायला जावं. कारखान्यात दिवसभर उभी राहून चष्म्याच्या काचा घासते, लोकांना नीट दिसावं म्हणून. मला स्वतःला कधी नीट दिसायचं कुणास ठाऊक.

आणि आणखी एक गंमत (गंमतच म्हणते, भांडण नव्हे). तुमचे चिरंजीव माझं बघून पळायला लागले होते. आता त्यांना त्याची चटक लागलीय. माझ्या पाळीच्या दिवशीसुद्धा पट्ट्याकडे असं बघतात की जणू मी तुरुंगात टाकतेय. अहो, शर्यत माझी आहे! पण बोलले तर स्वार्थी, गप्प बसले तर मनात धुमसतं. यातलं काय करावं?

कानाचं यंत्र घालत जा. ड्रॉवरमध्ये ठेवून ऐकू येत नाही.

आहे तेवढा लोभ पुरतो, कमी मात्र होऊ देऊ नका.

तुमची सून


रविवार, १६ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. यंत्र घालून पाहिलं. शेजारच्या नळाचा आवाज आला, म्हणून परत काढून ठेवलं. मला पत्र बरं. कागदावरचं दोनदा वाचता येतं आणि कुणी ओरडत नाही.

माझ्या मुलाला चटक लागली हे वाचून हसू आलं. लहानपणी दूध आणायला पाठवलं तर दोन तासांनी यायचा, आणि दूध विसरून. तू त्याला सरळ सांग की शर्यत होईपर्यंत पाळ्या तुझ्या जास्त. स्वार्थी तर स्वार्थी. सगळे शहाण्यासारखे वागले तर घरात भांडायला काय उरणार? पण मनात धुमसत ठेवू नकोस. वॉर्डातल्या ज्या बायका गप्प बसायच्या ना, त्यांचीच मला जास्त भीती वाटायची.

गुडघ्यांना जप. मुंगीला म्हणावं आजीनं पापा पाठवलाय, गालावर चिकटवून घे.

माझी माया तुला न मागता मिळते, तरी पत्रातून मागत राहा, मला बरं वाटतं.

तुझी सासू


सोमवार, ३ मार्च

ती. आईस,

सा. न. सगळं ठीक आहे. हे आधी लिहितो, कारण पुढचं वाचून तू पहिली गाडी पकडशील. मुलं ठणठणीत आहेत. मुंगी आत्ता माझ्या पाठीवर बसली आहे.

काल सकाळी आम्ही दोघंही पळायला गेलो. दोघंही, आई. मुलं घरात एकटी.

कसं झालं ते सांगतो. शनिवारी रात्री आमची वादावादी झाली. तुझ्या पत्रातलं तिनं मला ऐकवलं, शर्यत होईपर्यंत पाळ्या तिच्या जास्त म्हणून. मला राग आला. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायला खड्ड्यात उतरतो, ती सकाळची घटकाच काय ती माझी, वगैरे वगैरे बोललो. ती म्हणाली, मग जा बाबा तूच, नेहमीसाठी तूच जा. आणि गोळ्याच्या खोलीत झोपायला निघून गेली. पट्टा माझ्या हातात होता. म्हणजे रविवारची सकाळ तिची होती.

पहाटे जाग आली तर मनगट रिकामं. मला काय वाटलं असेल सांग! मला वाटलं, रात्री येऊन तिनं माझ्या हातातून पट्टा काढून नेला. माझ्यासाठी. माझा राग ओळखला आणि स्वतःची सकाळ मला देऊन टाकली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. गोळ्याच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आत ती असणारच, उगाच कशाला उठवा, म्हणून चवड्यांवर चालत बाहेर पडलो, परत येताना कुणाला उठवायला नको म्हणून किल्ली खिशात टाकली आणि दार ओढून घेतलं, ते आपोआप बंद होतं. त्या खुशीत असा पळत होतो म्हणून सांगू!

ती तळ्याला डावीकडून जाते, मी उजवीकडून. पुलावर समोरून एक बाई पळत येताना दिसली. पळण्याची ढब बघून मनात म्हटलं, वा, आपल्या बायकोसारखीच पळते. मग दिसलं की तीच आहे. तिनं मला पाहून हात हलवला. मीही हलवला. आम्ही हसत एकमेकांच्या बाजूनं निघूनसुद्धा गेलो, आई. मग मागून तिची किंकाळी ऐकू आली.

बाकीचं मला सांगवत नाही. ती माझ्या पुढे गेली. आयुष्यात तिला कधी गाठू शकलो नाही, काल तर नजरेतही ठेवू शकलो नाही. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद आहे. हो, लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्याच इमारतीची. चार मजले चढून पोचलो तेव्हा ती दाराशी बसली होती, कारण किल्ली माझ्या खिशात.

पट्टा मुंगीच्या हातात होता. पहाटे तिनं माझ्या मनगटावरून काढून घेतला होता. का, म्हणून विचारलं, तर मला म्हणाली की तुम्ही दोघं भांडता म्हणून. मी तेव्हापासून कुणाच्या नजरेला नजर देत नाही. चूक सगळी माझी आहे. खोलीचं दार ढकलून एकदा बघायला काय झालं होतं मला?

ती रडत नाही, ओरडत नाही. काल दुपारी तिनं बूट माळ्यावर टाकले. मी समजावायला गेलो, तर म्हणाली की विषय संपला. तू लिही तिला. माझं ऐकत नाही.

माझ्यावर रागाव, पण फार वेळ नको.

तुझा मूर्ख मुलगा


मंगळवार, ४ मार्च

ती. आईंना,

सा. न. वि. वि. तुमच्या मुलानं तुम्हाला लिहिलंय हे मला माहीत आहे. सगळं खापर स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं असणार. ते खरं नाही. खरं म्हणजे माझी काहीच चूक नाही असं सगळे हिशेबानं दाखवून देतात, सकाळ माझी होती, पट्टा त्याच्याकडे होता. तरी मला जे झालंय ते झालंय, आणि ते मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाही सांगावं की नाही, तीन कागद फाडलेत.

आधी दाराबद्दल सांगते. वर पोचले आणि लक्षात आलं की माझ्याकडे किल्लीच नाही. घरी माणूस असताना किल्ली कशाला न्यायची? मी दार बडवलं. आतून मुंगीनं विचारलं की कोण आहे. मी म्हटलं, आई आहे ग, तू बरी आहेस ना, गोळा कुठाय? ती म्हणाली की गोळा जाळीच्या पलंगात झोपलाय आणि आवाज करू नका, तो उठेल. मग म्हणाली की पट्टेवाल्यानं कुणाशी दारातून बोलायचं नसतं. आणि तिची पावलं आत जाताना ऐकू आली. तुमचा मुलगा वर येईपर्यंत मी त्या दाराला कान लावून बसले. काय काय डोळ्यांसमोर आलं ते लिहीत नाही. ओट्यावर सुरी होती. खिडकीखाली स्टूल होतं.

दार उघडलं तर मुंगीबाई पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसलेल्या. पट्टा कोपरापर्यंत वर चढवलेला, कारण मनगटाला ढिला होतो. आमच्यावर रागावली की बूट घालून आत आलात. गोळा खरंच झोपला होता. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच बसून बूट काढले.

आता ते दुसरं. पुलावर तुमचा मुलगा दिसला तेव्हा मला आनंद झाला. साधासुधा नाही. पूर्वी, लग्नाआधी, तो सायकलवरून माझ्यामागे यायचा तेव्हा व्हायचा तसा. सकाळचं थंड वारं, पायांना कधी नव्हे तो वेग, आणि समोरून हा. मी हात हलवला, पुढे गेले, आणि तेवढा वेळ, आई, मला मुलं आहेत हे माझ्या डोक्यातच नव्हतं. विसरले होते असंही नाही. विसरायला आधी असावी लागतात, ती नव्हतीच. आणि मी सुखात होते. त्यानंतर आठवलं.

असं कसं होतं? मी कसली आई आहे? की पळायला लागले की मी आई राहतच नाही? तुमचा मुलगा एकदा म्हणाला होता की पळताना सगळ्याच खेळाडूंना अशी धुंदी येते. मला त्याचं पुस्तकी ज्ञान नको. मला फक्त एवढं कळलंय की बूट घातले की मी घरातून पूर्ण जाते, काहीही मागे ठेवत नाही. अशा बाईनं पळू नये. म्हणून बूट माळ्यावर टाकले. आता दोन दिवस पाय झोपेत हलतात आणि शेजारी घेतलेल्या गोळ्याला लाथ बसते. हेही मला समजत नाही.

मुंगीला मीही विचारलं, पट्टा का घेतला ग? मला म्हणाली की बाबाच्या हातातून काढला तेव्हा गरम होता म्हणून. तिच्या बापाला वेगळंच काही सांगितलंय म्हणे. कुणाचं खरं धरू?

रागावलात तरी चालेल, अबोला धरू नका.

तुमची सून


सोमवार, १० मार्च

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद. दोन्ही पत्रं एकाच दिवशी हातात पडली. वाचून पाणी प्यायले, पुन्हा वाचली. रागावले नाही. तुझ्या नवऱ्यावर रागावले होते, पण लिफ्टचं वाचून हसले आणि मग राग टिकेना.

पट्ट्याची युक्ती मी अर्धवट सांगितली. माझ्या डोक्यात ती पुरी होती, कागदावर उतरली नाही. वॉर्डात किल्ली कधी कुणी काढून घ्यायची नाही आणि कुठे ठेवून जायची नाही. देणारीनं हातात द्यायची, आणि घेणारीनं घेतली म्हणून मोठ्यानं म्हणायचं. तोंडातून शब्द निघाल्याशिवाय ती किल्ली देणारीचीच. झोपलेल्या माणसाकडून तर मुळीच नाही! हे आता तुम्हीही करा, आणि मुंगीलाही शिकवा. तिनं घेतलाय हा पट्टा, आता तिला नुसतं नाही म्हणून चालणार नाही.

तुझं दुसरं वाचलं. उत्तर मला सापडलं असतं तर आनंदानं दिलं असतं. मी खुर्चीत बसून विचार केला, भात करपला, तरी सापडलं नाही. एवढं आठवतं की पाळी संपली की आम्ही किल्ली देऊन निघायचो, आणि कुणी निघताना दारातून वळून वॉर्डाकडे बघत राहिली तर जिनं किल्ली घेतली तिला राग यायचा. माझ्यावर विश्वास नाही का, म्हणायची. म्हणून आम्ही वळायचो नाही. फाटकाबाहेर पडलो की ती पोरं आमच्या डोक्यात नसायची. नसायला हवीच होती, त्याशिवाय दुसऱ्या दिवशी पुन्हा आत पाऊल टाकवलं नसतं. पण ती दुसऱ्यांची पोरं होती, हेही मला कळतं. तुझं तुला लागू आहे की नाही, तूच बघ.

मुंगीनं तुझ्या नवऱ्याकडून मला दोन ओळी लिहून घेतल्या, त्यात पट्ट्याचं तिसरंच कारण आहे. आजीकडे किल्ली होती म्हणून तिनंही घेतला म्हणे. मला तर तिन्ही खरी वाटतात.

बूट माळ्यावर ठेवायचे असतील तर आधी पुसून ठेव. ओले राहिले तर वास मारतील.

तुझ्यावरचा जीव तसाच आहे, जागचा हललेला नाही.

तुझी सासू


सोमवार, ७ एप्रिल

ती. आईंना,

सा. न. वि. वि. पाय इतके दुखतात की पलंगावर पाय लांब करूनच लिहिते आहे. म्हणजे तुम्हाला कळलंच.

बूट पुसायला म्हणून खाली काढले, तुम्ही म्हणालात म्हणून. पुसून झाले, पण पुन्हा माळ्यावर जाईनात. आठवडाभर दाराशी पडून होते. मग तुमच्या मुलानं एका रात्री पट्टा माझ्यासमोर धरला आणि मोठ्यानं म्हणाला की हा मी घेतला, शर्यत होईपर्यंत माझा, आता तू काय करतेस ते बघ. मी दुसऱ्या दिवशी गेले. रोज गेले. तुमच्या म्हणण्याप्रमाणे वळून बघितलं नाही. पण मनातली भीती गेली असं समजू नका, ती बरोबरच पळायची.

काल शर्यत होती. सकाळी घरात नुसता गोंधळ. नंबराचा कागद छातीवर टाचला तर तिरका, परत काढला, पिन हरवली. मी उभ्यानंच पाव खातेय, गोळा माझ्या पायाला मिठी मारून बसलेला, मुंगी माझ्या बाहीशी काहीतरी खुडबुडत होती आणि घेतला म्हण, घेतला म्हण, म्हणून डोकं खात होती. मी हो ग बाई घेतला म्हणाले. मला वाटलं, पाण्याच्या बाटलीबद्दल बोलतेय.

पहिली फेरी बरी गेली. दुसऱ्या फेरीत पुलावर ऊन लागलं म्हणून बाह्या वर सारल्या. मनगटावर पिवळा पट्टा!

आई, मी जागच्या जागी थांबले. मागून येणारे दोघं माझ्यावर आदळले. तोच पूल. पुन्हा तीच चूक. मला पक्कं ठाऊक होतं की तुमचा मुलगा घरात आहे, मी स्वतः त्याला दाढी करताना सोडून आले होते. पण हातात पट्टा होता आणि मी स्वतःच्या तोंडानं घेतला म्हटलं होतं. डोकं म्हणे पळ, हात म्हणे घरी जा. परत फिरावं म्हणून वळले, तर लक्षात आलं की तो पूल म्हणजे तळ्याची घरापासून सगळ्यात लांबची बाजू. मागे गेलं काय, पुढे गेलं काय, घर सारखंच लांब! मग पुढेच गेले. शर्यत पळतेय की घरी पळतेय हे मला तेव्हाही कळत नव्हतं. पण मुलं डोक्यात होती, दोघंही, आणि पाय तरीही चालत होते. हे दोन्ही एका वेळी होऊ शकतं हे मला माहीत नव्हतं.

फेरी संपते तिथून आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसते. मी ठरवलं होतं की तिथूनच घरी वळायचं, गेली शर्यत खड्ड्यात. वर बघितलं. तुमचा मुलगा अजून अर्ध्याच दाढीनं, तोंडावर वाळलेल्या साबणासकट उभा, एका बगलेत गोळा, दुसऱ्या हातानं स्टुलावरच्या मुंगीचा फ्रॉक घट्ट धरलेला. मी पट्ट्याचा हात वर करून दाखवला. त्यानं आधी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि त्याचा चेहरा जो काही झाला, तो तुम्ही बघायला हवा होतात! मुंगीनं मात्र टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या फेरीला गेले. कितवी आले ते विचारू नका, पण माझ्या मागेही माणसं होती.

घरी येऊन पहिलं काम केलं ते चौकशीचं. तुमच्या मुलाची कबुली अशी की मुंगीनं त्याच्याकडे नियमानं हात पुढे करून पट्टा मागितला, मोठ्यानं घेतला म्हणाली, आणि तोंडाला साबण असल्यामुळे त्यानं विचार न करता देऊन टाकला. तुमचा नियम दोन्ही वेळा तंतोतंत पाळला गेलाय, हे नोंदवून ठेवा.

मग मी मुंगीला मांडीवर घेऊन विचारलं की पट्टा मला का ग बांधलास, मी तर पळायला चालले होते. मला वाटलं होतं, आता चौथं, पाचवं काहीतरी कारण निघेल. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच नियम विसरलेय. म्हणाली की पट्टा ज्याच्या हातात तो घरात असतो ना, म्हणून बांधला. मी तळ्याभोवती पळत होते तेव्हासुद्धा मी घरीच होते, हे तिला सगळा वेळ माहीत होतं. मलाच तेवढं माहीत नव्हतं म्हणे.

जीव लावून आहात तशाच राहा, आणि ते यंत्र घाला.

तुमची, काल सकाळभर घरीच असलेली,
सून